गिरमिट वाचणारा माणूस : नामदार गोपाळ कृष्ण गोखले

गेल्या उन्हाळ्यात ऊसतोडीचा हंगाम संपवून दादा गावी परत आला आणि त्याने पेटीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. एका एजंटाने त्याला आखाती देशात गोदामातले काम मिळवून देण्याचे कबूल केले होते. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, राहण्याची सोय, सगळे आपण पाहू, तू फक्त सही कर, असे त्या एजंटाचे म्हणणे. कागद इंग्रजीत होता, काही भाग अरबीत होता. आमच्या घरात महाविद्यालयात जाणारी मीच पहिली. दादाने मला तो वाचून त्याचा अर्थ सांगायला सांगितले. मी अक्षरे वाचली, पण अर्थ सांगता येईना. द्वितीय वर्षाला पोचलेल्या मला त्या दिवशी फार लाज वाटली.

त्याच सुमारास इतिहासाच्या ट्युटोरियलसाठी मी ग्रंथालयातून नामदार गोखल्यांचे चरित्र आणले होते. महात्मा गांधींचे राजकीय गुरू, मवाळ पक्षाचे पुढारी, एवढीच त्यांची ओळख आपल्याला शाळेत होते. परंतु परदेशी मजुरीसाठी नेल्या जाणाऱ्या निरक्षर माणसांचे करारपत्र ज्यांनी कायदेमंडळात उलगडून दाखवले, ते गोखले मला त्या पुस्तकात पहिल्यांदा भेटले. त्यांच्याविषयी दोन शब्द लिहावेत म्हणून हा लेख.

गोपाळराव गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात साध्या नोकरीत होते. १८७९ साली ते वारले. तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये ते दरमहा कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत आणि उरलेल्या सातांत सारे घर चालवीत. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. माझी फीसुद्धा दादाच्या कोयत्यातूनच आलेली आहे.

१८८४ साली गोपाळराव मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. मोठ्या पगाराची नोकरी न पाहता ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. अंकगणितावर त्यांनी लिहिलेले पुस्तक शाळांतून पुष्कळ वर्षे चालले. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली त्यांनी सार्वजनिक कार्याचे धडे घेतले. एखादे विधान करायचे तर आधी सरकारी अहवाल वाचायचे, आकडे जुळवायचे, मग तोंड उघडायचे, ही रानड्यांची शिस्त.

या शिस्तीची किंमतही त्यांनी एकदा मोजली. १८९७ साली इंग्लंडमध्ये असताना त्यांनी पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी केलेल्या अत्याचारांची तक्रार मांडली. परत आल्यावर पुरावा उभा करता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. लोकांनी त्यांची फार निर्भर्त्सना केली. त्यानंतर ते जे बोलले ते हातात कागद घेऊनच बोलले, असे मला त्यांचे पुढचे काम पाहून वाटते. १९०२ पासून ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात बसू लागले. १९०५ साली त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षस्थान भूषविले.

आता गिरमिटाकडे वळू. ब्रिटिश साम्राज्यात १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी बंद झाली. मॉरिशस, गियाना, त्रिनिदाद येथील उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. ते हिंदुस्थानातून नेण्यात आले. १८६० साली नाताळात आणि १८७९ साली फिजीत मजुरांची पहिली जहाजे लागली. अधिक संख्येने गेले ते उत्तर हिंदुस्थानातले आणि मद्रासकडचे. पण मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्यांत आपली कोकणातली माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव साजरा करतात. मजूर पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठवीत. ॲग्रीमेंट या शब्दाचे त्यांच्या तोंडी गिरमिट झाले आणि ते स्वतः गिरमिटिये झाले.

ही सारी व्यवस्था कायदेशीर होती, हे येथे नीट लक्षात घेतले पाहिजे. वसाहतीचा एजंट कलकत्त्यात किंवा मद्रासेत बसे. त्याच्या हाताखाली परवाना घेतलेले भरतीवाले असत. लोक त्यांना अरकाटी म्हणत. अधिकाऱ्यापुढे नोंदणी होई, डेपोत डॉक्टर तपासणी करी, आणि परदेशी जाणाऱ्यांचा रक्षक म्हणून एक सरकारी अधिकारीही नेमलेला असे. म्हणजे परदेशी जाणाऱ्या माणसाला घरापासून जहाजापर्यंत पोचवणारी पुरी यंत्रणा होती. पण अरकाट्याला पैसे मिळत ते डोक्यामागे. माणूस डेपोत पोचला की त्याचे काम झाले. पुढे त्या माणसाचे काय होते याच्याशी त्याच्या कमाईचा संबंध नव्हता. अंगठा उठवणाऱ्याला मजुरीचा आकडा सांगितला जाई. पण मळा सोडून गेल्यास, काम चुकवल्यास तुरुंगाची शिक्षा आहे, हे त्याला नीट समजावून सांगितले जात नसे. नाताळात पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग मजुरी मिळे आणि पुढे दर वर्षी एकेक शिलिंग वाढे. करार संपल्यावर तेथेच राहायचे तर १८९५ च्या कायद्याने डोक्यामागे दर साल तीन पौंड कर बसवला. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग. पहिल्या वर्षाच्या सहा महिन्यांची मजुरी! आणि तो कर बायकांवर व मोठ्या मुलामुलींवरही होता.

दक्षिण आफ्रिकेतील बॅरिस्टर गांधी १८९६ साली पुण्यात गोखल्यांना भेटले आणि तेव्हापासून हा प्रश्न गोखल्यांच्या मनात शिरला. १९०९ साली त्यांच्या खटपटीने रतन टाटांनी तिकडच्या लढ्यासाठी पंचवीस हजार रुपये दिले. २५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी कायदेमंडळात ठराव मांडला की नाताळसाठी करारबद्ध मजुरांची भरती बंद करण्याचा अधिकार सरकारने घ्यावा. सरकारने तो मानला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली.

एका वसाहतीवर ते थांबले नाहीत. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी ही पद्धतच समूळ रद्द करावी असा ठराव आणला. त्यांचा युक्तिवाद अगदी सरळ होता. हा मजूर दूरच्या अनोळखी मुलखात जातो. तेथली भाषा, चालीरीती, कायदे त्याला ठाऊक नाहीत. मालक त्याने निवडलेला नाही. कराराच्या मुदतीत त्याला काम सोडता येत नाही आणि सोडले तर फौजदारी शिक्षा. या शिक्षेची कल्पना त्याला सही करण्यापूर्वी दिली जात नाही. मग अशा सहीला संमती कशी म्हणावी? दोन पक्षांपैकी एकाला करार वाचताच येत नसेल, तर तो करार नव्हेच, असा त्याचा इत्यर्थ. सरकारी सभासदांच्या बहुमताने ठराव पडला. तरी दर वर्षी तो पुन्हा आणण्याचा आपला निश्चय त्यांनी सांगून ठेवला.

त्याच वर्षी, प्रकृती मधुमेहाने पोखरलेली असताना, ते दक्षिण आफ्रिकेस गेले. २२ ऑक्टोबर १९१२ रोजी ते केपटाउनला उतरले. गांधीजी सावलीसारखे त्यांच्याबरोबर राहिले. टॉलस्टॉय फार्मवर जाताना स्टेशनपासून पायी चालावे लागले, पावसात भिजून गोखल्यांना थंडी बाधली. रानड्यांनी दिलेले उपरणे ते खास प्रसंगी वापरीत, त्याला गांधीजींनी स्वतः इस्त्री करून दिली. मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढचीच. जोहान्सबर्गच्या सभेत कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय मंडळी होती. गोखल्यांनी इंग्रजीऐवजी मराठीत बोलावे, आपण त्याचे हिंदुस्थानी करून सांगू, असा आग्रह गांधीजींनी धरला. गांधीजींच्या मराठीची गोखल्यांना शंका होती, पण त्यांनी मानले. मग तिकडच्या पुष्कळ सभांतून ते मराठीतच बोलले. ज्यांच्यासाठी बोलायचे त्यांना कळेल अशा भाषेत बोलावे, ही गोष्ट साधी आहे. पण गिरमिटाच्या कागदाने नेमकी तीच टाळली होती.

प्रिटोरियात ते जनरल बोथा व जनरल स्मट्स या मंत्र्यांना भेटले आणि तीन पौंडांचा कर रद्द होणार अशी खात्री घेऊन बाहेर आले. गांधीजींना तितकी खात्री वाटत नव्हती. झालेही तसेच. आपण असे वचन दिलेच नव्हते, असे पुढे सरकारकडून सांगण्यात आले. लेखी काहीच नव्हते. आयुष्यभर कागद वाचलेल्या या विद्वान पुरुषालासुद्धा तोंडी शब्दाने फसवले, हे वाचून मला वाईट वाटले. आणि खरे सांगायचे तर थोडा धीरही आला. आमचा दादा एकटाच भोळा नाही!

फसवणुकीचे उत्तर गिरमिटियांनीच दिले. १९१३ साली न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणीतील मजुरांनी संप केला आणि नोव्हेंबरमध्ये दोन हजारांहून अधिक माणसे गांधीजींबरोबर ट्रान्सव्हालची हद्द ओलांडायला पायी निघाली. पुढे उसाच्या मळ्यांतही संप पसरला. इकडे गोखले आजारी असूनही वर्गणी गोळा करीत गावोगाव फिरले. त्यांनीच अँड्र्यूज व पियर्सन यांना मदतीस धाडले. अखेर १९१४ च्या कायद्याने तो कर रद्द झाला. १९१५ च्या जानेवारीत गांधीजी मायदेशी परतले, आणि १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात गोखल्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस.

गिरमिट पद्धत संपलेली त्यांनी पाहिली नाही. १९१६ साली पंडित मदनमोहन मालवीय यांनी तोच विषय पुन्हा मांडला तेव्हा सरकारने तत्त्वतः मान्यता दिली, १९१७ साली भरती थांबली आणि १९२० च्या आरंभी ही पद्धत रीतसर इतिहासजमा झाली. मॉरिशसमध्ये मजूर ज्या धक्क्यावर उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

मित्रहो, हा केवळ जुना इतिहास म्हणून मी सांगत नाही. दसरा झाला की आमच्या सेनगाव भागातून ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून माणसे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. तेथे अंगठ्याचा कागदही बहुधा नसतो. मुकादम सगळेच वाईट असतात असे नाही. अडीनडीला तोच धावून येतो. एजंटही सगळे लबाड नसतात. परक्या मुलखात जाणाऱ्याला वाट दाखवणारा कोणी तरी लागतोच, आणि त्याने त्याचा मोबदला घ्यावा यातही गैर काही नाही. प्रश्न एवढाच की तो आपल्याला कागद वाचून दाखवतो की नुसती सहीची जागा दाखवतो.

दादाचा कागद मी आमच्या प्राध्यापकांकडे घेऊन गेले. त्यांनी तासभर बसून तो समजावून सांगितला. पगाराचा आकडा कोठेच नव्हता. काम कोणते तेही नव्हते. मुदतीआधी परत आल्यास खर्च भरून देण्याचे कलम मात्र ठळक होते. १९८३ च्या कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची सरकारकडे नोंदणी लागते, हे मला सरांकडून कळले. नोंदलेल्यांच्या यादीत आमच्या एजंटाचे नाव सापडले नाही. दादाने पगार लिहून मागितला, तेव्हापासून त्याने फोन उचलणे बंद केले. आधी दिलेले दहा हजार रुपये गेले ते गेलेच. सही मात्र वाचली.

दादा अजून जायचे म्हणतो, आणि त्याने जाऊ नये असे मी म्हणणार नाही. चार पैसे मिळत असतील तर माणसाने सातासमुद्रापार जावे. या खेपेस तो नोंदणी असलेल्या एजंटाकडे गेला आहे. नवा कागद आला की तो मला दाखवणार आहे. तो नीट वाचता यावा म्हणून मी रोज इंग्रजीची दोन पाने शब्दकोश घेऊन वाचते आहे. गोविंदरावांच्या आठ रुपयांचे गोखल्यांनी काय केले ते इतिहासाने पाहिले. दादाच्या कोयत्याच्या पैशाचे मी निदान एवढे तरी करावे.