बीदरचा परका वजीर : महमूद गवान

कलबुर्गीच्या किल्ल्यातली 1367 ची जामा मशीद पाहिली की जाणकारांना स्पेनमधल्या कोर्दोबाची मशीद आठवते. तिला मोकळं अंगण नाही, सगळं छताखाली, कमानीमागून कमानी. कोर्दोबा, ग्रॅनडा बघायला जगभरातून लोक जातात. आपल्याकडची सहल मात्र बीदरच्या मदरशासमोर दहा मिनिटं थांबते, फोटो काढते आणि पुढं जाते. तो मदरसा ज्यानं बांधला, त्याची ही गोष्ट.

महमूद गवान इराणच्या गिलान प्रांतातला, 1411 च्या सुमाराचा जन्म. घराणं मोठं, पण दरबारी राजकारणामुळं देश सोडावा लागला. व्यापार करत करत 1453 मध्ये तो कोकणात दाभोळ बंदरात उतरला आणि तिथून बीदरला आला. तेव्हा वय चाळिशीच्या पुढं. विद्वान लोकांना भेटावं आणि परत जावं, एवढाच बेत होता म्हणतात. पण बहमनी सुलतानानं त्याला ठेवून घेतलं आणि तो इथलाच झाला.

पुढं चार सुलतानांच्या हाताखाली त्यानं काम केलं. गादीवर लहान मुलं असताना राजमातेबरोबर राज्य सांभाळलं. 1472 मध्ये विजयनगरकडून गोवा घेतला. चार प्रांतांचे आठ केले आणि प्रांताधिकाऱ्यांच्या हातातले बरेचसे किल्ले काढून घेतले. साहजिकच बड्या सरदारांना तो खुपू लागला. त्यात दरबारात दख्खनी आणि परदेशी असे दोन तट आधीपासूनच होते. गवाननं दोघांनाही पदं वाटून दिली, तरी तो परका तो परकाच राहिला.

1472 मध्येच मदरसा पुरा झाला. तीन मजले, समोर उंच मिनार, भिंतींवर इराणी पद्धतीच्या रंगीत फरशा, आत तीन हजार ग्रंथांचं ग्रंथालय. स्वतः मात्र तो चटईवर झोपायचा आणि मातीच्या भांड्यात जेवायचा, असं इतिहासकार फरिश्ता सांगतो.

शेवटी विरोधकांनी डाव साधला. त्याचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला आणि ओरिसाच्या राजाला चढाईचं आमंत्रण देणारं पत्र त्यावर लिहिलं. सुलतान मुहम्मदशाह तिसरा तेव्हा दारूच्या नशेत होता. शिक्का आपला, पण पत्र आपलं नाही, हे गवाननं सांगितलं. सुलताननं चौकशीही केली नाही. 5 एप्रिल 1481 रोजी सत्तरीतल्या वजिराचा शिरच्छेद झाला. नंतर त्याची मालमत्ता तपासली, तर अफाट संपत्ती मिळालीच नाही. सुलतान पस्तावला आणि वर्षभरात तोही गेला.

त्यानंतर राज्य फुटून पाच झाली. कटात पुढं असलेल्या मलिक हसनच्या मुलानं अहमदनगरची निजामशाही उभी केली. गवाननं वाढवलेल्या युसूफ आदिलखानानं विजापूर घेतलं. त्याच आदिलशाहीकडून 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकला. आमच्या चर्चच्या इतिहासात गोव्याचं पान तिथून सुरू होतं. त्याआधीचं पान बीदरचं आहे, हे मला मदरशासमोर उभं राहिल्यावर कळलं.

1696 मध्ये, औरंगजेबाच्या काळात, मदरशात ठेवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन एक मिनार आणि पुढचा बराच भाग कोसळला. उरलेल्या मिनारावर निळ्या फरशांचे तुकडे अजून आहेत. पुढच्या वेळी गेलात तर दहा मिनिटांऐवजी तासभर थांबा. आपण भालकी-औरादची, बसवकल्याणची माणसं घरात मराठी, बाजारात कन्नड, शेजारी उर्दू बोलतो. इथला कोण आणि परका कोण, हा प्रश्न आपल्यालाही अधूनमधून विचारला जातो. एका खोट्या कागदावर विश्वास ठेवायला किती कमी वेळ लागतो, ते त्या मिनाराखाली उभं राहून आठवावं.