मुक्या वेदनेला वाचा देणारी ॲना

आपलं लहान मूल रडायला लागलं की पोट दुखतंय की दात येतायत, याचा अंदाज आपल्याला बरोबर येतो. पण ज्याला रडून सांगताही येत नाही, त्याचं दुखणं कोण ओळखणार? आज मी तुम्हाला अशाच मुक्या जिवांचं दुखणं ओळखणाऱ्या एका बाईविषयी सांगणार आहे. तिचं नाव ॲना स्युएल. ‘ब्लॅक ब्यूटी’ या जगप्रसिद्ध पुस्तकाची ती लेखिका. आयुष्यात तिने हे एकच पुस्तक लिहिलं.

ॲनाचा जन्म ३० मार्च १८२० चा, इंग्लंडमधल्या ग्रेट यारमथ या गावचा. घर क्वेकर पंथाचं, साधं आणि धार्मिक. पैशाची ओढाताण कायमचीच, त्यामुळे सुरुवातीचं शिक्षण घरी आईजवळच झालं. प्राण्यांना इजा करायची नाही, हा संस्कारही आईचाच.

चौदा वर्षांची असताना शाळेतून परतताना पाऊस आला म्हणून ती धावत निघाली आणि घसरून पडली. दोन्ही घोट्यांना मार बसला. आज असं झालं तर आपण एक्स-रे काढू, प्लॅस्टर घालू. तेव्हा तशी सोय नव्हती आणि उपचारही चुकत गेले असावेत. ॲना पुन्हा कधी धडपणे चालू शकली नाही. युरोपातल्या झऱ्यांच्या पाण्याचे उपचार झाले, पण तात्पुरतं बरं वाटायचं, एवढंच. तिने लग्न केलं नाही, आई-वडिलांजवळच राहिली.

पाय साथ देईनात म्हणून घोडागाडी हेच तिचे पाय झाले. वडिलांना कामासाठी स्टेशनवर सोडणं-आणणं ती स्वतः गाडी हाकत करायची. लगाम सैल सोडायचा आणि घोड्याशी माणसाशी बोलावं तसं बोलत राहायचं, ही तिची पद्धत. एकीकडे तिने घराला हातभार लावला तो आईच्या लेखनातून. आई मेरी स्युएल साठीच्या आसपास कथागीतं लिहू लागली आणि ती खूप खपली. त्यांतली प्रत्येक ओळ आधी ॲनाच्या नजरेखालून जायची.

त्या काळी श्रीमंतांच्या गाड्यांची एक फॅशन होती. घोड्याची मान ताठ आणि उंच दिसावी म्हणून लगामाला जोडलेला एक जादा पट्टा मागे आवळून बांधायचे. घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या दातांमध्ये मोकळी जागा असते. लगामाची लोखंडी कडी तिथे, थेट हिरडीवर आणि जिभेवर बसते. पट्टा आवळला की कडी रुतायची, तोंड सोलवटायचं, श्वास कोंडायचा. चढावर मान खाली घालून जोर लावायचीही सोय नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर चारचौघांत गाडी रुबाबदार दिसावी म्हणून!

१८७१ पासून ॲनाची तब्येत फारच ढासळली. नॉर्विचजवळच्या ओल्ड कॅटन गावी ती कोचावर पडून असायची. त्या आजारपणातच तिने ‘ब्लॅक ब्यूटी’ लिहायला घेतलं. बरं वाटेल तेव्हा पेन्सिलीने कागदाच्या चिठोऱ्यांवर लिहायचं, नाहीतर तोंडी सांगायचं आणि आईने ते नीट उतरवून घ्यायचं. अशी सहा वर्षं गेली. घोडा स्वतःच आपली कहाणी सांगतो, ही त्यातली गंमत. पण तिच्या मनात पुस्तक होतं ते गाडीवान आणि मोतद्दारांसाठी, घोड्यांना समजून घ्यायला त्यांना शिकवावं म्हणून.

त्यात जिंजर नावाची घोडी आहे. कडीने तिची जीभ आणि जबडा कापतो, फेसात रक्त येतं. ती लाथा झाडते, चावायला धावते आणि वाईट स्वभावाची म्हणून बदनाम होते. ती अशी का वागते, हे कुणी विचारत नाही. कुत्र्यांचंही दुःख त्यात आहे. फॅशन म्हणून पिल्लांच्या शेपट्या आणि कान कापले जातात आणि ती रक्ताळलेली, केविलवाणी परत येतात.

मला जिंजर आठवते ती आमच्या गल्लीतल्या एका कुत्र्यामुळे. गरीब म्हणून ओळखला जाणारा तो प्राणी अचानक गुरगुरायला लागला. लोक म्हणाले, पिसाळलाय, नगरपालिकेला कळवा. पशुवैद्यक आले, काळजीपूर्वक तोंड उघडून पाहिलं, तर मागचा दात फुटलेला आणि मुळाशी पू झालेला. दात काढला आणि आठवड्याभरात स्वारी पुन्हा पहिल्यासारखी.

डॉक्टरांनी तेव्हा जे सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. दात फुटून आतली नस उघडी पडली की कुत्र्याला आपल्यासारखीच कळ लागते, पण तो ओरडत नाही, दुखणं लपवतो. भुकेपोटी जेवतही राहतो, म्हणून आपल्याला वाटतं की सगळं ठीक आहे. मात्र तो एकाच बाजूने चावतो, घास तोंडातून पडतो, कडक भाकरी हुंगून सोडतो, लाळ गळते, तोंडाला वास येतो, पंजाने तोंड घासतो. कधी डोळ्याखाली सूज येते, ती दाढेच्या मुळाची असू शकते. दगड आणि टणक हाडं चावल्याने दात फुटतात, तेव्हा ती देऊ नका. आणि आपल्या घरातली दुखण्यावरची गोळी तर मुळीच देऊ नका, यातल्या काही गोळ्या कुत्र्याला विषासारख्या ठरतात. तोंडात स्वतः हात घालू नका. सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

‘ब्लॅक ब्यूटी’ २४ नोव्हेंबर १८७७ रोजी प्रसिद्ध झालं. हक्क तिने एकरकमी, अगदी थोड्या पैशांत दिले होते. पुढे पाचच महिन्यांनी, २५ एप्रिल १८७८ रोजी ॲना गेली. अंत्ययात्रेच्या गाडीच्या घोड्यांना तोच आवळपट्टा बांधलेला आईने पाहिला आणि आधी तो काढायला लावला, असं सांगतात.

१८९० मध्ये अमेरिकेतल्या प्राणिदया चळवळीने पुस्तक उचलून धरलं, गाडीवानांच्या हाती दिलं. जगभर त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या आणि तो पट्टा हळूहळू वापरातून गेला.

घराबाहेर पडता न येणाऱ्या एका बाईने कोचावर पडून हे घडवलं. आपण तर चालत्याफिरत्या आहोत. दारातलं मुकं जनावर अचानक चिडकं झालं, तर काठी उचलण्याआधी त्याचं काही दुखतंय का, एवढं तरी पाहू या.