अप्पासाहेबांचा करार

रायपूर रेल्वे स्थानकापलीकडील गुढियारीच्या पेठेत धान्य-किराण्याचे घाऊक सौदे होतात. हा मुलूख ज्या राज्याचा भाग होता, त्या नागपूर राज्याचाच सौदा १८१६ साली झाला. तो करणारे होते मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब भोसले.

छत्तीसगडशी त्यांचे नाते वडिलोपार्जित. वडील व्यंकोजी यांच्याकडे १७८७ पासून या प्रांताचा कारभार होता. व्यंकोजींचे बंधू दुसरे रघूजी हे नागपूरचे राजे. ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज त्यांनी अखेरपर्यंत स्वीकारली नाही. १८०३ च्या देवगाव तहात कटक आणि वर्धेपलीकडील वऱ्हाड गमावूनही नाही. लंडनच्या भागधारकांची ही कंपनी मात्र थांबायला तयार होती. १८१३ च्या सनदेने हिंदुस्थानच्या व्यापारातील तिची मक्तेदारी संपली होती, महसूल आणि फौज हाच तिचा खरा धंदा उरला होता.

मार्च १८१६ मध्ये रघूजी निवर्तले. पुत्र परसोजी दुबळे आणि व्याधिग्रस्त. त्यांच्या नावाने राज्य कोणी चालवायचे यावरून दरबार दुभंगला. विशीतल्या अप्पासाहेबांना कारभार हवा होता, पण पाठबळ नव्हते. रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांनी ते देऊ केले. मे महिन्यात गुप्तपणे करार झाला. कंपनीची फौज नागपुरात राहील, तिच्या खर्चापोटी दरसाल साडेसात लाख रुपये दरबार देईल आणि कंपनीला वगळून अन्य सत्तांशी व्यवहार होणार नाही. चुलत्यांनी तेरा वर्षे जे टाळले, ते पुतण्याने दोन-सव्वादोन महिन्यांत दिले. लाभ एका व्यक्तीच्या पदाचा, देणे मात्र संपूर्ण राज्याचे! कंपनीला यापेक्षा स्वस्त प्रवेश कोणता मिळणार?

फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी मृतावस्थेत आढळले. संशय अप्पासाहेबांवर होता. तरीही कंपनीने त्यांना राजा मानले. खुनाचा आरोप पुढे आला तो संबंध बिघडल्यावर. मित्राच्या गुन्ह्याची दप्तरे केव्हा उघडायची, हे ठरविण्याचा अधिकार तिने स्वतःकडेच राखला होता.

कराराचा भार जाणवताच अप्पासाहेबांनी पेशव्यांशी संधान बांधले. पुण्याहून आलेली सेनासाहेबसुभा पदाची वस्त्रे त्यांनी रेसिडेंटचा विरोध डावलून नोव्हेंबर १८१७ मध्ये जाहीरपणे स्वीकारली. दोनच दिवसांनी सीताबर्डीची लढाई पेटली. त्यांच्या सैन्याची संख्या कितीतरी अधिक होती, पण पराभव झाला. मार्च १८१८ मध्ये त्यांना अटक झाली. प्रयागकडे नेले जात असता ते शिपायाच्या वेशात निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले.

इकडे कंपनीने अल्पवयीन तिसऱ्या रघूजींना गादीवर बसवून कारभार जेन्किन्सकडे दिला. छत्तीसगडवर नेमलेल्या अॅग्न्यू या अधिकाऱ्याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविले. रायपूरच्या राजधानीपणाची सुरुवात अशी आहे, हे येथील मराठी कुटुंबांनाही फारसे ठाऊक नसते.

अप्पासाहेब असीरगड, पंजाब असे भटकत अखेर जोधपूरला पोहोचले. तेथील राजे मानसिंह यांनी त्यांना कंपनीच्या स्वाधीन करण्यास नकार दिला. १८४० मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.