विश्लेषण : मोजणे, बेतणे, शिवणे… संत नामदेवांमधला शिंपी कसा होता?

आषाढ वद्य त्रयोदशीला संत नामदेव महाराजांची पुण्यतिथी असते. पंढरपुरात आणि मराठवाड्यात गावोगावी शिंपी समाज ती पाळतो. कीर्तनाची परंपरा रुजवणारे, भागवत धर्माची पताका थेट पंजाबात नेणारे संत ही नामदेवांची ओळख सर्वांना आहे. पण ज्या धंद्याच्या घरात ते जन्मले, त्या शिवणकामाशी त्यांचे नाते काय होते? कथा सांगतात, की त्यांचे दुकानात लक्षच नव्हते. त्यांच्या नावावरची पदे वाचली, तर मात्र गज आणि कात्री हाताळलेला माणूस दिसतो.

जन्म कुठला, काळ कोणता?

परंपरेनुसार नामदेवांचा जन्म शके ११९२ च्या कार्तिक शुद्ध एकादशीला, म्हणजे इ.स. १२७० मध्ये झाला. गाव नरसी, कयाधू नदीकाठचे. आज ते हिंगोली जिल्ह्यात आहे आणि नरसी नामदेव म्हणूनच ओळखले जाते. काही अभ्यासक जन्मस्थान पंढरपूर मानतात. वडील दामाशेटी, आई गोणाई. कुटुंब शिंप्याचे आणि पंढरीच्या वारीचे. पुढे ते पंढरपुरातच स्थायिक झाले.

राज्य देवगिरीच्या यादवांचे होते. या काळाचा एक पक्का पुरावा माजलगाव तालुक्यातच सापडला आहे. गोदावरीकाठच्या पुरुषोत्तमपुरी येथे रामचंद्रदेव, म्हणजेच रामदेवराव यादवाचे ताम्रपट मिळाले. त्यांच्यावर शके १२३२, म्हणजे इ.स. १३१० चा उल्लेख आहे. राजाच्या पुरुषोत्तम नावाच्या मंत्र्याने केलेल्या अग्रहाराच्या दानाशी ते संबंधित आहेत. ते कोरले गेले, तेव्हा नामदेव चाळिशीत होते. माजलगाव तालुक्यात मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते. तिथून खाली वाहत गेल्यावर नदीकाठी गंगाखेड लागते. दामाशेटींच्या घरी लहानपणी कामाला आलेली आणि स्वतः संत झालेली जनाबाई त्या गावची. नामदेवांच्या घरातली माणसे, त्यांची बोली, त्यांचे देव हे सारे या गोदाकाठच्या मुलखातले आहे.

त्या काळी शिंप्याकडे काम तरी काय असे?

धोतर, उपरणे, लुगडे, पागोटे हे सगळे विणकराकडून थेट अंगावर जाई. त्याला सुई लागत नाही. शिंप्याकडे येई ते उरलेले काम : अंगी, चोळी, लेकराची कुंची, टोपी. शिवाय जाड कामही असे. पिशव्या, थैल्या, झुली, तंबूची कापडे. यंत्र नव्हते. अमेरिकेत आयझॅक सिंगरने आपल्या शिलाई यंत्राचे पेटंट घेतले ते १८५१ मध्ये, म्हणजे नामदेवांनंतर पाचशे वर्षांनी. तोवर जगभर जवळपास प्रत्येक टाका हातानेच पडत होता.

या धंद्यातले शिकणे पिढ्यान्‌पिढ्या एका ठरलेल्या क्रमाने चालत आले. पोराने आधी सुईत दोरा ओवायचा, मग धावदोरा, मग काज, मग पूर्ण शिवण. कात्री हातात मिळायची सर्वांत शेवटी. कारण उघड आहे. शिवण चुकली तर उसवता येते. कापड चुकीचे कापले गेले, तर ते पुन्हा जोडून सारखे होत नाही. गिऱ्हाईकाचे कापड म्हणजे त्याची वर्षाची कमाई असू शकते. आज माजलगावात किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावी शिवणक्लासला जाणाऱ्या मुलीला आधी कागदावर कटिंग करायला लावतात, ते याच धास्तीपोटी. नामदेवांच्या काळी रद्दी कागद हाताशी नव्हता. मोजमाप डोक्यात ठेवायचे आणि थेट कापडाला हात घालायचा, एवढाच मार्ग होता.

या कामासाठी मराठीत एक नेमके क्रियापद आहे : बेतणे. कापड बेतणे म्हणजे अंगाच्या मापाने, कुठला तुकडा कुठून निघेल हे ठरवून ते कापणे. मनसुबा या अर्थाचा बेत आणि कापड बेतणे हे शब्द शेजारीशेजारी उभे आहेत, कारण शिंप्याचे खरे डोके शिवण्यात नाही, बेतण्यात लागते. पुढे घरोघरी रूढ झालेली खणाची चोळी पाहावी. तिला आजच्या ब्लाउजसारखे टक्स नाहीत. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, समोर गाठ, आणि काखेत एक तिरका तुकडा. त्या तुकड्यामुळे हात वर केला तरी चोळी ओढत नाही. एवढेसे कापड आणि जवळपास शून्य चिंध्या. हे गणित नीट जमले, तरच कपडा अंगासरशी बसतो.

माप गजाने घेतले जाई. गजाचे २४ भाग, एकेका भागाला तसू म्हणत. त्याखेरीज हात, वीत आणि बोट ही अंगाचीच मापे होती. शिवणीसाठी मापापेक्षा जे जास्तीचे कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. संतांनी जिच्यापासून सावध राहायला सांगितले, ती माया शिंप्याला मात्र सोडावीच लागते. नाही सोडली तर कपडा घट्ट होतो.

मग नामदेव धंद्यात नालायक होते का?

चरित्रकथांचा सूर तसा आहे. महिपतींचा भक्तविजय हा ग्रंथ १७६२ चा, म्हणजे नामदेवांनंतर चार शतकांचा. त्यातली एक गोष्ट सर्वांना ठाऊक असते. वडिलांनी नामदेवांना कापड विकायला बाजारात पाठवले. ते भजनात रमले आणि दगडांनाच कापड उधार देऊन, एका धोंड्याला जामीन धरून घरी आले. गोणाई आणि पत्नी राजाई यांनी संसाराकडे पाठ फिरवल्याबद्दल केलेल्या तक्रारी अभंगांतही येतात. घरात नारा, विठा, गोंदा, महादा ही चार मुले, सुना आणि जनाबाई. खाणारी तोंडे मोजली, तर राजाईचा त्राग्याला कारण होते, हे मान्य करावे लागते. संतचरित्रांत अशा बायकांना बहुतेक वेळा खलनायिका केले जाते. हिशेब मात्र त्यांचाच बरोबर असतो.

पण या गोष्टींवरून नामदेवांना काम येत नव्हते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मराठी गाथेतल्या एका अभंगात ते आपला जन्म शिंप्याच्या कुळातला असल्याचे सांगतात, रात्रंदिवस शिवत असल्याचे सांगतात आणि दुकानातली हत्यारे एकेक करून मोजतात. त्या यादीत दोऱ्याबरोबर सुतळीही आहे. हा बारीकसा तपशील बोलका आहे. नाजूक कापडाला दोरा आणि जाड कामाला सुतळी, हा फरक धंद्यातल्या माणसाच्या तोंडी सहज येतो. शेवटी आपण विठोबाची अंगी शिवत असल्याचे ते म्हणतात.

विठोबाची अंगी हे रूपक आहेच. शिंप्याच्या नजरेने पाहिले, तर ते कामही अवघड आहे. मूर्तीचे दोन्ही हात कमरेवर. कोपर बाहेर वळलेले, मनगट अंगाला चिकटलेले. बंद बाहीचा कपडा असा हात सरळ करून घालता येत नाही. अंगी कुठेतरी उघडी ठेवून बंदांनी बांधावी लागणार, आणि मुंढ्याचे माप उभ्या माणसाच्या लोंबत्या हातावरून घेऊन चालणार नाही.

गज आणि कात्रीचे पद काय सांगते?

शिवणकामाचा सर्वांत नेमका वापर मराठी गाथेत नाही, पंजाबात आहे. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात, म्हणजे आजच्या गुरू ग्रंथसाहिबात, नामदेवांची ६१ पदे आहेत. आसा रागातल्या एका पदात मनाला गजाचे आणि जिभेला कात्रीचे काम दिलेले आहे. पुन्हा पुन्हा मापून यमाचा फास कापायचा, असा त्याचा आशय. पुढे रंगवणे येते, शिवणे येते आणि अखेरीस सोन्याची सुई व रुप्याचा धागा. मधेच जातीपातीशी आपल्याला काय करायचे, असा सवाल आहे.

या पदातला क्रम पाहण्यासारखा आहे. पहिल्यांदा मोजणे, तेही एकदा नव्हे, मग कापणे, सुई सर्वांत शेवटी. कीर्तन ऐकून शिवणकामाची रूपके वापरणाऱ्या माणसाला सुई-दोरा आधी सुचला असता, कारण बाहेरच्याला शिंपी म्हणजे सुई. कापण्यापूर्वी दोनदा मोजावे, ही आतल्या माणसाची सवय आहे. रंगवणे आणि शिवणे दोन्ही एकाच पदात आल्यामुळे महाराष्ट्रातले शिंपी, रंगकाम करणारा भावसार समाज आणि उत्तरेतले छिंबा किंवा छीपा अशा सगळ्यांना नामदेव आपले वाटतात.

एक खबरदारी इथे आवश्यक आहे. नामदेवांच्या नावावर मराठीत अडीच हजारांच्या आसपास अभंग मिळतात आणि त्यांत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा या कवीसह इतरांची भर मिसळली आहे. त्यामुळे एखादाच शब्द धरून चरित्र रचता येत नाही. पण शिंपीपण मराठी आणि पंजाबी अशा दोन दूरच्या परंपरांनी स्वतंत्रपणे जपले, हे दुर्लक्षिता येणार नाही.

धंदा सांगण्यात धोका काय होता?

शिंपी असणे ही तेव्हा नुसती धंद्याची माहिती नव्हती, पायरी दाखवणारी खूण होती. गुरू ग्रंथसाहिबातल्याच दुसऱ्या एका पदात देवळात भजन करणाऱ्या नामदेवांना उठवून बाहेर काढल्याचा प्रसंग आहे. ते आपली कांबळी उचलतात आणि देवळामागे जाऊन बसतात. या कुळात आपला जन्म का झाला, अशी देवापुढे त्यांची तक्रार आहे. मग देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करते. मराठी परंपरा हा चमत्कार औंढा नागनाथला घडल्याचे मानते. देऊळ फिरले की नाही हा श्रद्धेचा भाग. माणसाला उठवले गेले, यात अविश्वसनीय काही नाही.

ज्या शब्दाने हिणवले, तोच शब्द नामदेवांनी लपवला नाही. गज, कात्री, सुई यांची नावे घेऊन त्यांनी देवाशी बोलणे मांडले. त्यांच्याभोवती जमलेली माणसेही अशीच होती : गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, चोखामेळा. त्यांतल्या काहींच्या अभंगांत आपापल्या धंद्याची हत्यारे आहेत. गोरोबांनी मडके तपासायच्या थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथाही त्याच दुकानदारी भाषेतली. त्यानंतर विसोबा खेचरांकडून त्यांना गुरूपदेश मिळाला.

१२९६ नंतर काय झाले?

या वर्षी ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली आणि त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली. ज्ञानेश्वरांचा जन्म, तीर्थयात्रा आणि समाधी यांवरची अभंगमालिका नामदेवांच्या नावावर आहे. मराठीतल्या आरंभीच्या चरित्रलेखनात तिची गणना होते. दोनेक दशकांत यादवांचे राज्य संपले. राजाश्रय गेला, पण कीर्तनाला तो लागतच नव्हता.

मंगळवेढ्यात वेशीचे काम करताना भिंत कोसळून चोखामेळा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरात आणणारे नामदेवच होते, असे परंपरा सांगते. जिवंतपणी ज्यांना देवळात पाऊल ठेवता आले नाही, त्या चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आली. नामदेवांनी स्वतःसाठी मागितली ती त्याच दाराची पायरी. शके १२७२, म्हणजे इ.स. १३५० मध्ये ते तिथे समाधिस्थ झाले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आज वारकरी नामदेव पायरीवर पाय न ठेवता पुढे जातात.

पंजाबातली परंपरा त्यांचा अंत गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी झाला असे मानते. आयुष्याची शेवटची सुमारे वीस वर्षे त्यांनी तिथे काढली, असे सांगितले जाते. एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली त्याच घुमानमध्ये भरले होते. तिथल्या गुरुद्वारात नामदेवांची वाणी आजही गायली जाते. त्या वाणीतच मनाचा गज आणि जिभेची कात्री करणारे पद आहे.