बॅरिस्टर नाथ पै : बेळगावचा मुलगा, राजापूरचा खासदार

शहापुरात नाथ पै चौक आहे. रिक्षावाल्याला चौकाचे नाव सांगून माणसे तिथे उतरतात, गणपती पाहायला निघालेली कुटुंबे तिथे एकमेकांची वाट पाहतात. पण हे नाथ पै कोण, असे घरातल्या नातवंडांना विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. थोरांनाही बहुधा एवढेच आठवते की ते मोठे वक्ते होते, खासदार होते आणि हुतात्मा दिनाच्या सभेत बोलून दुसऱ्याच दिवशी गेले. यंदाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र द्यायचे आम्ही ठरवले, त्याचे हे एक कारण. दुसरे असे की आपल्या सीमाभागात कुठलीही निवडणूक आली की घराघरांत एक प्रश्न निघतोच : मत देऊन होते काय? नाथ पैंचे सारे सार्वजनिक आयुष्य या प्रश्नाशी झगडण्यात गेले.

त्यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. वडील पोस्ट खात्यात होते. नाथ अगदी लहान असतानाच ते वारले. आई तापीबाई आणि थोरली भावंडे यांनी त्यांना वाढवले. पुढे शिक्षणासाठी ते बेळगावला आले. वेंगुर्ल्याहून आंबोलीचा घाट चढून येणाऱ्या त्या रस्त्याने कोकणातली किती कुटुंबे बेळगावात येऊन स्थिरावली, हे आपल्या मंडळाच्या सभासदांची आडनावे वाचली तरी कळते. पैंचे घर त्यांतलेच एक.

तेव्हाचे बेळगाव मुंबई इलाख्यात होते, आणि सभा ऐकण्याची सवय असलेले गाव होते. एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली ती बेळगावच्या प्रांतिक परिषदेच्या वेळी. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले ते टिळकवाडीत. गांधीजी राष्ट्रसभेचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात तेवढे एकदाच. नाथ तेव्हा दोन वर्षांचे होते, त्यामुळे त्यांनी यातले काही पाहिलेले नाही. पण ज्या गावात वडीलधारी माणसे ओसरीवर बसून अशा गोष्टी पुन्हा पुन्हा सांगत, त्या गावातल्या पोराला राजकारण म्हणजे दिल्ली-मुंबईत चालणारे काहीतरी आहे असे वाटत नाही. ते आपल्या पेठेतच चालते, आणि आपल्यालाही त्यात बोलता येते, असेच त्याला वाटते.

१९४२ च्या चळवळीत नाथ पै उतरले. वय वीस. अटक झाली, तुरुंगवास झाला, पोलिसांचा मारही बसला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातले शिक्षण पुरे करून ते लंडनला गेले आणि लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले. तिथे ते समाजवादी तरुणांच्या चळवळीत रमले, आणि १९५४ मध्ये तरुण समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. पत्नी क्रिस्टल या ऑस्ट्रियाच्या. युरोपातच राहिले असते तर उत्तम चालले असते. पण ते परत आले.

ते युरोपात नाव मिळवत होते त्या काळात त्यांच्या गावाचे काय चालले होते, ते सांगायला हवे. १९४८ मध्येच बेळगाव नगरपालिकेने हा भाग मराठी बहुसंख्येचा असल्याने होऊ घातलेल्या महाराष्ट्रात घालावा अशी मागणी केली होती. लोकांनी निवडून दिलेली माणसे, रीतसर सभा, रीतसर ठराव. १६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंनी राज्य पुनर्रचनेचा निर्णय जाहीर केला. त्यात मुंबई महाराष्ट्राला नव्हती आणि बेळगाव म्हैसूर राज्यात जाणार होते. दुसऱ्या दिवशी लोक रस्त्यावर आले आणि गोळीबार झाला. मारुती बेन्नाळकर, मधू बांदेकर, लक्ष्मण गावडे, महादेव बारागडी आणि निपाणीच्या कमळाबाई मोहिते ही नावे दर १७ जानेवारीला आपण घेतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेली. रात्री मुंबई राज्यात झोपलेला माणूस सकाळी दुसऱ्या राज्यात उठला. त्याचे घर, गल्ली, विहीर सारे जागच्या जागी होते.

तेव्हापासून इथल्या राजकारणाला एक वेगळेच वळण लागले. इतर गावांत नगरपालिकेची निवडणूक म्हणजे नळाचे पाणी, गटार, दिवाबत्ती. आपल्याकडे ती सार्वमत झाली. यामागे एक सरळ हिशेब होता. जून १९५७ मध्ये महाराष्ट्राच्या बाजूने केंद्राकडे जे निवेदन गेले, त्यात ८१४ गावांची मागणी होती आणि तिचा पाया पाटसकर सूत्राचा होता : खेडे हा घटक धरायचा, भाषिक बहुसंख्या पाहायची, भौगोलिक सलगता पाहायची आणि लोकेच्छा विचारात घ्यायची. आता लोकेच्छा मोजायची कशी? कोणी मतपेटी घेऊन विचारायला येत नव्हते. तेव्हा पंचायतीपासून विधानसभेपर्यंतची प्रत्येक निवडणूक हाच लोकेच्छेचा पुरावा ठरला. एकीकरण समितीचा उमेदवार निवडून आणणे म्हणजे दिल्लीला पत्र पाठवण्यासारखे होते. उमेदवाराला पाण्याचे काय, असे विचारायचे राहून जाई. तो सीमाप्रश्नावर ठाम आहे ना, एवढे पुरे असे.

याने मतदाराला बळ दिले हे खरे. बिडी वळणारी बाई असो की शेतमजूर, आपल्या एका शिक्क्याने राज्याची सीमा हलेल असे त्यांना वाटत होते. एवढी मोठी आशा साध्या पालिकेच्या मताला क्वचितच चिकटते. पण निकालाच्या दिवशी गुलाल उधळून झाला की पुढे काही होत नसे. १९६२ मध्ये म्हैसूरच्या २०८ जणांच्या विधानसभेत समितीचे ६ आमदार होते. सहा माणसांनी जीव तोडून बोलायचे, दोनशे दोघांनी ऐकायचे किंवा न ऐकायचे. आपल्या मताला घरात पूर्ण वजन आणि बाहेर काहीच नाही, हा अनुभव सीमाभागाने जितका घेतला तितका फार थोड्यांनी घेतला असेल.

नाथ पै १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले ते मात्र कोकणातल्या राजापूर मतदारसंघातून, प्रजा समाजवादी पक्षाचे म्हणून, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत. वय अवघे चौतीस. बेळगावच्या माणसाला त्यांना मत देता येत नव्हते. तरी बेळगावात ते आपलेच खासदार मानले जात, आणि त्यांनीही ते नाते कधी नाकारले नाही. एका मतदारसंघाने निवडून दिलेल्या माणसाने दुसऱ्या राज्यातल्या आपल्या गावाची वकिली करायची, असा तो विलक्षण प्रकार होता. कायद्याने पाहिले तर बेळगावचा त्यांच्यावर काहीच अधिकार नव्हता.

राजापूरच्या मतदारांचे प्रश्न वेगळे होते. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालणारी घरे, पावसाळ्यात तुटणारी गावे, आणि रेल्वे नाही. कोकण रेल्वेचा आग्रह नाथ पैंनी संसदेत सतत धरला. हा मतदारसंघ त्यांनी तीनदा जिंकला. त्यातली १९६२ ची निवडणूक आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. महाराष्ट्र राज्य झाले होते, संयुक्त महाराष्ट्राची लाट ओसरली होती, राज्यातल्या ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने घेतल्या. तरी राजापूर नाथ पैंकडेच राहिले. लाटेवर आलेला माणूस लाट गेल्यावर टिकला, याचा अर्थ लोकांशी त्याचे काही वेगळे नाते जुळले होते. लोकसभेत ते बोलायला उभे राहिले की विरोधी बाकांवरचे आणि सत्ताधारी बाकांवरचेही ऐकत.

सीमाप्रश्न तोवर कागदावर फिरत होता. १९५८ मध्ये सत्याग्रह झाला, १९६० मध्ये दोन्ही राज्यांची चार जणांची समिती झाली आणि एकमत न होता संपली. सेनापती बापटांनी म्हातारपणी उपोषण केले, तेव्हा कुठे ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. निपाणी, खानापूर तालुक्यातला काही भाग अशी २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, २४७ गावे महाराष्ट्राकडून म्हैसूरला द्यावीत आणि बेळगाव शहर म्हैसूरमध्येच ठेवावे, असे त्यात होते. महाराष्ट्राने तो नाकारला, म्हैसूरने स्वीकारला, अंमल कशाचाच झाला नाही. निपाणीकरांची गंमत पाहा. ज्या अहवालाने त्यांना महाराष्ट्रात धाडले तोच महाराष्ट्राला नको होता, आणि ज्यांना तो हवा होता त्यांनी निपाणी सोडली नाही.

त्याच वर्षी, १६ जानेवारी १९६७ ला, शेजारच्या गोव्यात लोकांना सरळ विचारण्यात आले : महाराष्ट्रात जाणार की केंद्रशासित राहणार? ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवेकरांनी वेगळे राहणे पसंत केले. निकाल मराठी माणसाला आवडो न आवडो, विचारले तर गेले. चोर्ला घाटाच्या अलीकडे कोणी असे कधीच विचारले नाही.

आणि याच १९६७ मध्ये नाथ पैंनी ते काम हाती घेतले ज्यासाठी देशभरचे घटनातज्ज्ञ त्यांना ओळखतात. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीत निर्णय दिला होता की मूलभूत हक्कांना हात लावण्याचा अधिकार संसदेला नाही. एप्रिलमध्ये नाथ पैंनी खासगी विधेयक आणले. संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार मूलभूत हक्कांनाही लागू आहे, हे घटनेतच स्पष्ट करावे असा त्याचा आशय होता. त्यामागे त्यांची धारणा होती की लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाचा शब्द अखेरचा असला पाहिजे. त्यांच्याच बाजूच्या अनेकांना हे पटले नाही. बहुमत उद्या हक्कच काढून घेईल ही भीती खोटी नव्हती, हे पुढे आणीबाणीत दिसले. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, त्यावर दीर्घ चर्चा झाली, पण ते संमत व्हायच्या आत लोकसभाच विसर्जित झाली.

आम्हाला यात एक पेच दिसतो आणि तो आम्ही झाकून ठेवत नाही. बहुमताच्या सभागृहावर ज्यांचा एवढा विश्वास, त्यांचेच गाव बहुमताच्या सभागृहात कायम अल्पमतात होते. म्हैसूरच्या विधानसभेतले सहा आमदार लोकशाहीच्या नियमानेच हरत होते. बेळगाव नगरपालिकेचा ठराव हाही निवडलेल्या सभागृहाचाच शब्द होता, पण तो अखेरचा नव्हता. नाथ पैंना हे दिसत नसेल असे आम्हाला वाटत नाही. तरी त्यांनी सभागृह सोडले नाही आणि बेळगावची सभाही सोडली नाही. दिल्लीत बोलायचे आणि जानेवारीत गावी येऊन आपल्या माणसांसमोर उभे राहायचे, या दोन्ही गोष्टी त्यांनी चालू ठेवल्या. खासदाराने लोकांना तोंड दाखवणे हेच त्या काळी सीमावासीयाला मिळणारे उत्तर होते. ते पुरेसे नव्हते, पण काहीच नसण्यापेक्षा बरेच होते.

डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली, निवडणूक तोंडावर आली. नाथ पैंना हृदयविकार जडलेला होता. अशा वेळी मतदारसंघ सोडून, जिथे एकही मत मिळणार नाही अशा गावी जाण्याचे काही कारण नव्हते. १७ जानेवारी १९७१ ला ते बेळगावात हुतात्मा दिनाच्या सभेला आले आणि बोलले. १८ जानेवारीला बेळगावातच हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. वय अठ्ठेचाळीस.

मार्चमध्ये राजापुरातून त्यांच्याच पक्षाचे मधू दंडवते निवडून आले. त्याच वर्षी चोविसावी घटनादुरुस्ती झाली, आणि नाथ पैंच्या विधेयकातला मूळ मुद्दा घटनेत आला. दोन वर्षांनी केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने त्याला मान्यता देताना घटनेच्या मूलभूत चौकटीची मर्यादाही घातली. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. मालवणात त्यांच्या नावाचे सेवांगण उभे आहे.

बेळगावात २००५ मध्ये महापालिकेने पुन्हा विलीनीकरणाचा ठराव केला आणि राज्य सरकारने महापालिकाच बरखास्त केली. २०२१ च्या निवडणुकीत ५८ पैकी ३५ प्रभाग भाजपने जिंकले, त्यात मराठी नगरसेवकही बरेच आहेत. कोणी याला विसर म्हणतात. कोणी म्हणतात, लोकांनी अखेर पाण्याचे विचारायला सुरुवात केली. आमच्या मंडळातही यावर दोन मते आहेत आणि आरतीनंतर ती ऐकायला मिळतात. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या दाव्याचा निकाल मात्र अजून लागायचा आहे.