ताराबाईंचे अंगण

जव्हार गावाबाहेर शिरपामाळ आहे. 1664 साली सुरतेच्या वाटेवर शिवाजीमहाराजांचा मुक्काम इथे पडला, जव्हारच्या विक्रमशहांनी त्यांना मानाचा शिरपेच दिला आणि त्यावरून माळाला हे नाव मिळाले, असे इथली माणसे सांगतात. बँकेत असताना कर्जवसुलीच्या फेऱ्यांत मी हा माळ कितीदा तरी ओलांडला. अलीकडे पुन्हा गेलो, तेव्हा जवळच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत मुले गाण्यांच्या एका पुस्तकाभोवती कोंडाळे करून बसली होती. छापील पुस्तक बाजूला पडले होते. मुलांपुढे होते ते सेविकेने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्रे काढून शिवलेले. खेकड्याचे पान उघडले आणि यमक येण्याआधीच साऱ्यांच्या बोटांच्या नांग्या झाल्या.

ही अंगणवाडी ज्यांची, त्या ताराबाई मोडकांचे नाव त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हते.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 चा, मुंबईचा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. 1914 साली त्या पदवीधर झाल्या. पुढे लग्न झाले, संसार अमरावतीत मांडला. तो टिकला नाही. पदरी लहान मुलगी घेऊन त्या राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. पगार चांगला, मानही होता. ती नोकरी सोडून 1923 मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. आयुष्यभर पेन्शनीचे हिशेब केलेल्या माझ्यासारख्याला या एका राजीनाम्याचाच फार अचंबा वाटतो.

गिजुभाई मूळचे वकील. माँटेसोरीबाईंच्या विचाराने भारावलेले. पण बाईंना कोवळ्या वयात कल्पित गोष्टी मान्य नव्हत्या, आणि इथे तर आजीच्या कथा, बडबडगीते, नाच यांवाचून मूल रमेना. गिजुभाई आणि ताराबाईंनी गुरूचे साहित्य घेतले, पण गोष्ट आणि गाणे सोडले नाही. मुलांसाठी छोटी छोटी पुस्तके काढली. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे ताराबाईंनी मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालवली आणि दादरला शिशुविहार उभा केला.

तिथेच त्या थांबत्या तरी नाव राहिले असते. 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ. शहरातले लाकडी साहित्य खेड्याला परवडणारे नव्हते. मग शंखशिंपले, बिया, खडे, पाने हेच साहित्य झाले. हाक मारूनही मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊन बसवली. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुले गुरांमागे जात, म्हणून शाळाही कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणू लागले. मुलाच्या हाताशी असेल त्यातूनच त्याचे शिक्षण, हा त्यांचा हट्ट. गाण्याला तो का लागू नसावा? कधीही न पाहिलेल्या बर्फाचे यमक मूल पाठ करते खरे, पण त्याची बोटे हलत नाहीत.

1962 मध्ये पद्मभूषण मिळाले. 31 ऑगस्ट 1973 रोजी ताराबाई गेल्या. 1975 साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना निघाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, खाऊ गेला, वजनाचा काटा गेला. गाण्यांची पुस्तके मात्र बहुतेक शहरातूनच येत राहिली, शहरातल्या मुलाची चित्रे घेऊन.

म्हणून ते कॅलेंडरचे पुस्तक मी पुन्हा पुन्हा चाळले. खेकडा, मोहाची फुले, नागलीचे कणीस. चित्रे ओबडधोबड होती. यमके मात्र चोख, निम्मी वारली बोलीतली. वरईच्या पानावर चित्र होते, गाणे नव्हते. वरईला जुळणारा शब्द अजून सापडत नाही, असे सेविकेने सांगितले. मी दोन सुचवले. मुलांना ते पसंत पडले नाहीत; त्यांनी पान उलटून पुन्हा खेकडा काढला.