भाड्याच्या खोल्यांमधला मास्तर

फ्रान्सच्या दक्षिण टोकाला पिरेनीज पर्वताच्या शेवटच्या टेकड्या भूमध्य समुद्रात उतरतात, तिथे कोलियूर नावाचं एक लहानसं बंदर आहे. पेर्पिन्यां या शहरातून किनाऱ्याच्या कडेकडेने स्पेनकडे जाणारी रेल्वे अर्ध्या तासाच्या आत इथे पोहोचते. स्पेनची सरहद्दही इथून फार लांब नाही. उन्हाळ्यात सारं युरोप समुद्राकाठी लोटतं, तेव्हा या गावात पाय ठेवायला जागा नसते, आणि तसं होण्यात काही नवलही नाही. गावाचं चर्च थेट पाण्याला लागून उभं आहे. त्याचा गुलाबी घुमटाचा मनोरा पूर्वी दीपस्तंभ म्हणून बांधलेला. समोर राजांचा जुना दगडी किल्ला, मधोमध गोट्यांचा इवलासा किनारा, आणि मागे टेकड्यांवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले द्राक्षांचे मळे.

१९०५च्या उन्हाळ्यात आंरी मातिस हा चित्रकार इथे येऊन राहिला. पाठोपाठ त्याचा मित्र आंद्रे दरँ आला. इथला उजेड पाहून दोघांनी रंगांची सारी शिस्त झुगारून दिली. त्यांची चित्रं पॅरिसला लागली तेव्हा एका समीक्षकाने त्या चित्रकारांना जंगली श्वापदं ठरवलं, आणि तेच नाव पुढे ‘फोविझम’ म्हणून कलेच्या इतिहासात कायम झालं. आज गावात हिंडताना जागोजागी त्या चित्रांच्या प्रतिकृती लावलेल्या दिसतात. आधी चित्र पाहायचं, मग मान वर करून तोच देखावा पाहायचा! खाण्याच्या बाबतीत इथली ख्याती आहे खारवलेल्या अँकोव्हीची. हा मासा आपल्या मांदेलीच्या कुळातला. त्यामुळे कोकणातल्या माणसाला त्या बरण्या पाहून आपसूक घरची आठवण येते.

मीही गेलो होतो तो मातिसचे रंग पाहायला. पण गावात काही माणसं वेगळ्याच वाटेने जाताना दिसत होती. हातात कॅमेऱ्याऐवजी फुलं, आणि बोलणं बहुतेक स्पॅनिश. त्यांच्यामागून चालत गेलं की बंदरापासून चार पावलांवर जुनं कबरस्तान लागतं. आत एक साधी कबर. तिच्यावर दोन नावं – अंतोनिओ माचादो आणि त्याची आई आना रुइस. दगडावर फुलं, स्पेनच्या प्रजासत्ताकाचे लाल-पिवळे-जांभळे झेंडे, कुणी ठेवलेले खडे. आणि शेजारी चक्क एक टपालपेटी! मेलेल्या माणसाला पत्रं येतात आणि ती टाकायला पेटी लागते, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. ज्याला ती पत्रं येतात, त्याची ही कथा.

माचादो हा स्पेनचा फार मोठा कवी. तिथल्या शाळकरी पोरांना त्याच्या ओळी तोंडपाठ असतात. पण त्याला मोठा कवी म्हणण्यापेक्षा फ्रेंचचा मास्तर म्हणणं त्याला जास्त आवडलं असतं, असं त्याचं चरित्र वाचताना वाटत राहतं. त्याचा जन्म २६ जुलै १८७५चा, सेव्हिल शहरातला. जन्मला तो एका सरदाराच्या प्रासादात, पण कुटुंब तिथे भाडेकरू! प्रासादाचे काही भाग भाड्याने दिलेले असत, त्यातल्या एकात माचादो मंडळी राहत. वडील लोकगीतांचे संग्राहक. जिप्सींची, शेतकऱ्यांची गाणी गोळा करून छापण्यात आयुष्य गेलेलं. अंगणात लिंबाचं झाड, कारंजं आणि वर निळं आकाश. एवढी पुंजी घेऊन आठ वर्षांचा अंतोनिओ १८८३मध्ये घरच्यांबरोबर माद्रिदला आला, तो पुन्हा सेव्हिलला कायमचा असा कधी परतलाच नाही. पण ते अंगण त्याच्या कवितेतून शेवटपर्यंत गेलं नाही.

माद्रिदला त्याला शाळा मात्र भाग्याने लाभली. फ्रान्सिस्को हिनेर दे लोस रिओस या शिक्षकाने धर्मसत्तेच्या आणि सरकारच्या दाबापासून मोकळी अशी एक संस्था काढली होती. तिथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. मुलांना डोंगरात हिंडायला नेत. माणूस विचार करायला शिकला की देश सुधारतो, ही तिथली श्रद्धा माचादोच्या अंगात मुरली ती कायमची. पुढे १८९३मध्ये वडील गेले, घराची ओढाताण सुरू झाली. थोरला भाऊ मानुएल हाही कवी. दोघांनी पॅरिसला जाऊन एका प्रकाशकाकडे भाषांतराची कामं केली, परत आले, कविता छापल्या. पण कवितेवर पोट भरतं ते कुठल्या देशात? म्हणून अंतोनिओ फ्रेंच शिकवण्याची परीक्षा पास झाला आणि १९०७मध्ये सोरिया या आडगावच्या शाळेत रुजू झाला.

सोरिया म्हणजे कास्तिलच्या उंच पठारावरचं थंड, कोरडं, दरिद्री गाव. तिथे तो एका खानावळवजा घरात खोली घेऊन राहिला. घरमालकांची मुलगी लेओनोर. १९०९च्या जुलैत त्यांचं लग्न झालं, तेव्हा ती पंधरा वर्षांची आणि तो चौतीस वर्षांचा होता. आजच्या नजरेला हे खटकतंच. पण त्या काळातही गावाने त्यांची टिंगल केल्यावाचून सोडलं नाही. तरी संसार सुखाचा झाला, असंच सारे सांगतात. १९११मध्ये शिष्यवृत्तीवर दोघं पॅरिसला गेली. बेर्गसाँसारख्या तत्त्वज्ञाची व्याख्यानं ऐकायला मिळत होती. अशातच १४ जुलैला, सारं पॅरिस राष्ट्रीय सणात दंग असताना, लेओनोरला रक्ताची उलटी झाली. क्षय! परतायला पैसे नव्हते, ते रुबेन दारिओ या कवीने उसने दिले.

सोरियाला माचादोने गावाबाहेर, मोकळ्या हवेचं एक छोटं घर भाड्याने घेतलं. चाकाच्या खुर्चीत बसवून तो तिला रोज उन्हात फिरवून आणी. वाळलेल्या एका झाडाला फुटलेली कोवळी पानं पाहून याच काळात त्याने एक कविता लिहिली. आपल्याही घरी असं काही घडावं, एवढीच तिच्यातली आशा. ते घडलं नाही. १ ऑगस्ट १९१२ रोजी लेओनोर गेली. वय अठरा. काही महिन्यांपूर्वीच आलेल्या ‘कास्तिलची शेतं’ या अर्थाच्या नावाच्या संग्रहाने त्याला देशभर कीर्ती मिळवून दिली होती. पण आठवड्याभरातच त्याने सोरिया सोडलं. पुढे बाएसा या दक्षिणेकडच्या गावात सात वर्षं, मग सेगोवियाला तेरा वर्षं. तीच फ्रेंचची क्रियापदं. सेगोवियातली त्याची भाड्याची खोली आता संग्रहालय म्हणून दाखवतात. १९२७मध्ये स्पेनच्या राजमान्य अकादमीवर त्याची निवड झाली. पण त्या खुर्चीवर जाऊन बसणं काही त्याच्याकडून कधी झालं नाही.

१९३१च्या एप्रिलमध्ये राजा गेला आणि प्रजासत्ताक आलं. सेगोवियाच्या नगरभवनावर नवा झेंडा चढवणाऱ्यांत हा अबोल मास्तर होता. शाळा निघतील, गरिबाचं पोर शिकेल, हेच तर त्याला लहानपणापासून शिकवलेलं स्वप्न होतं. पण पाच वर्षांतच, १९३६च्या जुलैत, फ्रँको आणि इतर सेनापतींनी बंड केलं आणि देश दुभंगला.

घरही दुभंगलं. मानुएल त्या वेळी बायकोसह बुर्गोस गावी, नन असलेल्या मेहुणीला भेटायला गेला होता. ते गाव बंडखोरांच्या हाती पडलं आणि तो तिथेच अडकला. आधी त्याला तुरुंगात टाकलं, पुढे त्याने फ्रँकोच्या गौरवाच्या कविता लिहिल्या. इकडे अंतोनिओ प्रजासत्ताकासाठी लेखणी झिजवत होता. ज्या दोघांनी एका टेबलावर बसून नाटकं लिहिली, ते दोन भाऊ दोन छावण्यांत गेले. पुन्हा त्यांची भेट झाली नाही. कोण खरा आणि कोण भित्रा, याचा निवाडा आपण घरबसल्या करू नये. आदल्या दिवशी गाडी चुकली असती, तर कोण कुठल्या बाजूला असतं, कुणास ठाऊक!

युद्ध हरत चाललं तसा माचादोचा मुक्काम हलत गेला. माद्रिदहून व्हॅलेन्सिया, तिथून १९३८मध्ये बार्सिलोना. सगळीकडे दुसऱ्याच्या घरात. १९३९च्या जानेवारीत बार्सिलोना पडण्याची वेळ आली. २२ तारखेच्या रात्री तो निघाला. बरोबर धाकटा भाऊ होसे, भावजय आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई. त्या हिवाळ्यात चार-साडेचार लाखांहून अधिक माणसं अशीच फ्रान्सच्या सरहद्दीकडे लोटली होती. वाटेत पाऊस, थंडी, रस्ते तुंबलेले. सरहद्दीजवळ मोटार सोडून चालावं लागलं. माचादोची कागदपत्रांची पेटी तिथेच कुठेतरी राहिली. तिच्यातल्या अप्रकाशित लिखाणाचा पुढे पत्ता लागला नाही. सर्बेर स्टेशनात रेल्वेच्या एका रिकाम्या डब्यात रात्र काढून, २८ जानेवारीच्या संध्याकाळी ही चौघं कोलियूरच्या स्टेशनवर उतरली. म्हाताऱ्या आईला एका लेखकमित्राने हातांवर उचलून आणलं. तिचं भान सुटत चाललं होतं. सेव्हिल आता किती लांब आहे, असं ती विचारत होती म्हणे.

चौकातल्या दुकानदार बाईने त्यांना आत बसवून गरम काहीतरी प्यायला दिलं. पलीकडे पोलिन किंताना या बाईंचं छोटं हॉटेल होतं. खिशातल्या स्पॅनिश नोटांना आता रद्दीची किंमत होती. बाईंनी त्यावाचून जागा दिली. हॉटेलातच राहणारा स्टेशनवरचा एक तरुण, जाक बैय्स, तिथल्या नोंदवहीचं काम पाहत असे. ‘माचादो, शिक्षक’ ही नोंद वाचून तो थबकला. रात्रीच्या स्पॅनिश वर्गात त्याने याच माणसाच्या कविता वहीत उतरवून घेतल्या होत्या! जेवायला दोघे भाऊ एकत्र का येत नाहीत, याचं लोकांना कोडं पडलं होतं. म्हणतात की धड सदरा एकच होता, तो आळीपाळीने घालावा लागे.

दमा आणि दुबळं हृदय यांनी माचादो खंगला होता. एकदा मात्र होसेच्या आधाराने तो किनाऱ्यावर गेला, ओढून ठेवलेल्या एका होडीवर बसला आणि कोळ्यांच्या घरांकडे बराच वेळ पाहत राहिला. अशा एखाद्या खिडकीमागे निर्धास्त राहता आलं तर, असं काहीसं तो बोलल्याचं भावाने लिहून ठेवलं आहे. २२ फेब्रुवारी १९३९ रोजी दुपारी त्याने प्राण सोडला. त्याच खोलीत शेजारच्या खाटेवर आई अर्धवट शुद्धीत होती. मुलगा आहे तोवर जगायचं, असं ती पूर्वी म्हणाली होती म्हणे; तीन दिवसांनी, पंच्याऐंशीव्या वाढदिवशी, तीही गेली. कोटाच्या खिशात होसेला कागदाचा एक चुरगळलेला कपटा सापडला. त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं थोडंसं काही. त्यात बालपणाची आठवण होती. केंब्रिज विद्यापीठाचं नोकरी देऊ करणारं पत्र आलं, तेव्हा ते घ्यायला माचादो उरला नव्हता. मानुएलही बुर्गोसहून धावत आला, आणि आईही गेल्याचं त्याला इथे आल्यावर कळलं.

पेटीवर घालायला प्रजासत्ताकाचा झेंडा गावातल्या बाईने रातोरात शिवला. किल्ल्यात ठेवलेल्या स्पॅनिश सैनिकांपैकी सहा जणांनी खांदा दिला. आणि कबर? तीही उसनी! पोलिनबाईंच्या मैत्रिणीने आपल्या कुटुंबाची जागा वापरायला दिली. १९५८मध्ये वर्गणी जमवून मायलेकरांना आजच्या कबरीत एकत्र ठेवलं, तेव्हा कुठे या माणसाला स्वतःची म्हणावी अशी जागा मिळाली. मधल्या काळात, १९४१मध्ये, फ्रँको सरकारने मेलेल्या माचादोला शिक्षकाच्या पदावरून बडतर्फ केलं होतं. तो हुकूम १९८१मध्ये रद्द झाला. म्हणजे चाळीस वर्षं एक मयत मास्तर सरकारदप्तरी नोकरीतून काढलेला होता! २०१९मध्ये स्पेनचे पंतप्रधान या कबरीपाशी येऊन नतमस्तक झाले.

याच किनाऱ्यावर, इथून काही किलोमीटर उत्तरेला, आर्जेलेस गाव आहे. त्या फेब्रुवारीत तिथल्या उघड्या वाळूत काटेरी तारा ठोकून हजारो निर्वासितांना थंडीवाऱ्यात कोंडलं होतं. कोलियूरचा किल्लाही त्याच मार्चपासून तुरुंग झाला. आज दोन्हीकडे रंगीत छत्र्या आहेत. तेव्हा समुद्र तोच होता, सरकारही एकच होतं. फरक पडला तो दार उघडणाऱ्या माणसांमुळे. एका दुकानदारीण बाईने पेलाभर गरम पेय दिलं, हॉटेलवालीने बिल मागितलं नाही, स्टेशनवरच्या पोराने वही आणून दाखवली, कुणी झेंडा शिवला, कुणी कबर दिली. यांतलं एकही काम कुणाला न परवडणारं नव्हतं. कोलियूरला गेलात तर मातिसचे रंग जरूर पाहा, मांदेलीच्या त्या फ्रेंच भावंडाची चवही घ्या. पण चार पावलं चालून त्या टपालपेटीपर्यंतही जा. जन्मभर दुसऱ्याच्या घरात राहिलेल्या मास्तरांचा कायमचा पत्ता आता तो आहे.